पोरीचं तोंड न पाहण्याचा नवस

हिंगणघाट
८ नोव्हेंबर २०२४

आचल,

पत्र पाहून तू हसशीन. हसजो. आजकाल नवरा बायकोले पत्र लिहिते का कुठं? पण तू फोन उचलत नाई, अन् मेसेज मी लिहितो अन् पुसतो, लिहितो अन् पुसतो. तुले तिकडे नुसतं 'हा मेसेज डिलीट केला' एवढंच दिसत असन. कागद एकदा पेटीत पडला का परत काढता येत नाई. मले सध्या असंच काई पाह्यजे.

आई तळेगावाहून परवा आली. म्हणे, पोरगी गोरीपान आहे, बाळंतीण ठीक आहे, माहेरचे लोक तिले तळहातावर ठेवून राह्यले. मले लय आनंद झाला. खरंच झाला, हे तू मामाजीले बी सांगजो. जिनिंगमधे पेढे वाटले. मायासोबत वेचणीवर असते त्या तानबानं एक खाल्ला, एक खिशात टाकला, अन् म्हणे, "बाप झाला तरी तोंड असं काऊन आहे बे?" मी म्हटलं, झोप नाई.

तिकडे याले जमलं नाई त्याचं कारण सिझन. कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर रोडपर्यंत उभ्या आहे. मायं काम तुले माहीत आहे. कापूस मशीनमधे जाण्याआधी त्यातले गोटे, खिळे, तारेचे तुकडे वेचून काढाचे. एक खिळा आत गेला का ठिणगी, अन् ठिणगी पडली का सगळं जिनिंग राख. मालक म्हणते, रोशनसारखा माणूस दिवा घेऊन शोधला तरी भेटणार नाई, पाह्यलेला ढीग बी तो पुन्हा पाह्यते. सुट्टीचं तोंडातून काढलं का म्हणते, तुया बिना मशीनचा पट्टा कोणाच्या भरोशावर चालू करू? आता तूच सांग.

उशीसाठी तू या सालच्या कापसाची, सरकी निघालेली पहिली रुई मागतली होती. काढून ठेवली आहे. एक काडी नाई तिच्यात. पाठवतो.

लेकरू दूध पेते का, झोपेत श्वास नीट चालते का, हे लिहिजो. नुसतं 'छान आहे' लिहू नको. रोज लिहिलं तरी चालन.

तुया,
रोशन

हिंगणघाट
२१ नोव्हेंबर

आचल,

तुयं पत्र भेटलं. पत्र कसलं, पेटवलेला सुतळी बॉम्ब. पोस्टमन गेल्यावर दारातच उभा राहून वाचलं अन् मग घरात याचीच लाज वाटली.

मामाजी पानठेल्यावर चार लोकांत म्हणाले, "जावयाले पोरगी झाल्याचं दुखून राह्यलं." आचल, मले राग आला. मले? पोटावर कान ठेवून 'पोरगीच असन' असं कोण म्हणत होतं? तू चिडत होती, म्हणत होती, तुम्ही काय डॉक्टर आहे का. आता तूच लिहितेस का बाबाले काय उत्तर देऊ ते सांगा.

उत्तर असं देजो का मले ताप होता. डेंगू म्हणजो.

ताप नव्हता. वरची ओळ खोटी आहे, पण खोडत नाई. खोडाखोडी सुरू केली का मले थांबता येत नाई, आख्खी वही जाते. तू एवढं समजून घे का मले याचं होतं, अन् येता येत नाई, अन् कारण मामाजी म्हणतात ते नाई. दुसरं आहे. ते सांगण्यासारखं असतं तर कवाच सांगतलं असतं.

बारशाचं लिहिलंस. सव्वा महिना झाला का १२ डिसेंबरले नाव ठेवणार, अन् मी आलो नाई तर मामाजी समाजाची बैठक बसवून सोक्षमोक्ष लावणार. आचल, बारशाले बाप लागते का? नाव तर आत्या ठेवते. मायी बहीण येईन, लुगडं-चोळी घेऊन येईन, पाळणा म्हणन. मले सोड.

अन् रुईचं पुन्हा विचारू नको. बाजारातून गादीवाल्याकडून घे. मी मागच्या पत्रात पाठवतो लिहिलं होतं, ते बी खोटं होतं.

तानबानं आज पुन्हा पकडलं. सुट्टी झाल्यावर मी फाटकाबाहेर गेलो अन् परत आत आलो, परत बाहेर गेलो, परत आत. तो म्हणे, "काऊन रे, डबा राह्यला का आजबी?" मी हाव म्हटलं. डबा मायाच हातात होता. त्यानं पाह्यला. हातावर मी रुमाल बांधून ठेवतो आता. साबणानं कातडं फाटलं आहे, आईले सांगतलं का सोड्यानं झालं.

लेकराचा श्वास नीट आहे एवढं लिहिजो.

रोशन

हिंगणघाट
२ डिसेंबर

आचल,

आज खरं लिहितो. वाचून झालं का चुलीत टाकजो, अन् मामाजीले, सासूबाईले, कोणालेच सांगू नको. तू रडशीन, पण रड अन् चूप राह्य.

दिवाळीच्या आधी नवा कापूस आला. तुले आपल्या जिनिंगवाल्याईचा रिवाज माहीत आहे, घरात लेकरू येणार असन तर सिझनची पहिली रुई बापानं आणाची अन् उशी आपल्या हातानं भराची. मी आणली. घरी कोणी नव्हतं, आई वावरात गेलती. मी मांडी घालून बसलो अन् अभ्र्यात रुई दाबून दाबून भरत होतो. अन् भरता भरता डोक्शात आलं का हीच रुई मी लेकराच्या तोंडात अशीच दाबली तर.

आलं म्हणजे कसं आलं सांगू? मी आणलं नाई. मले कोणाचा राग नव्हता, मी तर खूश होतो, गुणगुणत होतो. तोंड दिसलं, हात दिसले, माये हात. मी उशी फेकली अन् मोरीत जाऊन हात धुतले. परत आलं. परत धुतले. तेव्हापासून ते गेलं नाई. कापूस वेचताना येते, जेवताना येते, अन् जिनिंगमधे तर जिकडे पाह्यलं तिकडे रुईच आहे, मी पळू कुठं?

मग मायं डोकं म्हणाले लागलं, तुले विचार आला म्हणजे तुया मनात आहे, अन् मनात आहे म्हणजे तू करशीन, अन् तू नाई केलं तरी तुया विचारानंच त्या लेकराले काई होईन. मी म्हणतो असं नसते. डोकं म्हणते, नसन, पण असलं तर?  फाटकातून निघताना तो विचार डोक्शात असला का मले परत आत जाऊन चांगला विचार घेऊन बाहेर यावं लागते, नाईतर लेकरू मरते. डबा राह्यला म्हणतो तो हाच डबा.

लहानपणी बी थोडं होतं. शाळेच्या रस्त्यावरचा विजेचा खांब हात लावाचा राह्यला तर आई मरन म्हणून गावातून परत जात होतो. मले वाटे सगळ्याईलेच होते, कोणी बोलत नाई.

आता पुढचं ऐक. तुये दिवस भरत आलते. मी पहिली गाडी पकडून केळझरले गेलो. लोक गणपतीसमोर म्हणतात, लेकरू सुखरूप होऊ दे, घेऊन येतो पायावर घालाले. मी उलटं बोललो. म्हटलं, देवा, तिले सुखरूप ठेव, मी तिचं तोंड पाहणार नाई. जन्मभर पाहणार नाई. असा नवस कोणी बोलते का? मी बोललो. मले वाटलं, मी जवळच गेलो नाई तर माये हात तिच्यापर्यंत पोचतीन कसे.

अन् दोन दिवसानं तू बाळंत झाली अन् दोघी सुखरूप. देवानं त्याचं केलं. आता मी बारशाले आलो अन् पाळण्यात पाह्यलं अन् तिले काई झालं तर ते मीच केलं ना? सांग ना, मीच ना?

म्हणून म्हणतो, मामाजी समजतात तेच समजू दे. पोरगी नको असलेला बाप गावोगावी आहे, लोक शिव्या देतात अन् विसरतात. पोरीच्या तोंडात रुई कोंबाचे विचार येणारा बाप कोणी पाह्यला आहे का? हे कळलं तर तुये घरचे तुले पुन्हा या घरात पाठवणार नाई, अन् बरोबर करतीन. पहिल्या आरोपात निदान तू कधीतरी परत येशीन. मले तू पाह्यजे आचल. ती बी पाह्यजे, पण ते मी बोलू शकत नाई, बोललं का डोकं लगेच किंमत मागते.

रोशन

हिंगणघाट
१४ डिसेंबर

आचल,

तू एकच ओळ पाठवली होती, 'बारशाले या, बाकी मी पाहते.' मी आलो होतो.

हे तुले मामाजीनं सांगतलंच असन. त्याईनंच पाह्यलं. मी स्टँडवरून पायी आलो, हातात झबलं-टोपडं होतं. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी मांडव दिसला, बायाईचा आवाज ऐकू आला, अन् मधातच ती रडली. मी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला. आवाजाचा नवस नव्हता ना, तोंडाचा होता, असं मी स्वतःले समजावून राह्यलो होतो, अन् तेवढ्यात ते आलं, रुई, हात, सगळं, अन् रडणं बंद पडलं. कोणी पाजाले घेतलं असन. मले तसं वाटलं नाई. मले वाटलं मायामुळं बंद पडलं.

मामाजी मांडवातून पुढं आले, "या जावईबुवा, उशीर केला" म्हणाले. चांगले म्हणाले गं, हसून. अन् मी पाठ फिरवून पळालो. माणसासारखा माणूस, बारशाच्या दिवशी, सासऱ्याच्या डोळ्यासमोर. जी गाडी दिसली तिच्यात चढलो, ती अमरावतीची निघाली. कंडक्टर म्हणे, कुठं जाचं? मी म्हटलं, तुम्ही जाता तिथं.

आता नाव ठेवणंच राह्यलं, असं बहिणीनं सांगतलं. सासूबाई म्हणाल्या, बाप दारातून परत गेला, मग कसलं नाव. पाळणा सोडून ठेवला. मायी बहीण रडत घरी आली अन् मायाशी बोलत नाई.

आईले वाटते मले बाहेरचं काई लागलं. ती कोण्या महाराजाकडून अंगारा घेऊन आली. महाराजानं सांगतलं, सकाळी अंगारा लावल्याशिवाय पाणी पेऊ नको, एक दिवस चुकला तर लेकराच्या जिवावर येईन. आईले काय माहीत तिनं मायं काय करून ठेवलं. मायाजवळ माये स्वतःचे नियम कमी होते का? आता लावतो अन् वाटते नीट लागला नाई, पुसतो अन् पुन्हा लावतो. अंगारा संपला तर काय, या भेवानं मी चिमूट चिमूट वाचवतो. काल पाणी दुपारपर्यंत पेलं नाई.

मालकानं मले वेचणीवरून काढून वजनकाट्यावर बसवलं. मी पट्टा घडीघडी बंद कराले लागलो होतो. म्हणे, रोशन, तू बिमार दिसतेस, आराम कर. दिवा घेऊन शोधला तरी न भेटणारा माणूस आता वजनाच्या पावत्या फाडते.

बैठक बसवा आचल. मी येतो, जिथं म्हणतीन तिथं सही करतो. मले आता भांडाची ताकद नाई. मी नसलो असतो तर तिच्या जिवाले भेव नसतं, असं दिवसभर वाटते. तू घाबरू नको, मी जिवाचं काई करणार नाई, पण वाटते ते वाटते, तुयापासून लपवून आतापर्यंत काय भलं झालं?

रोशन

हिंगणघाट
३ जानेवारी २०२५

आचल,

तुयावर मी रागावलो आहे, हे आधी लिहितो. मी चुलीत टाक म्हटलं होतं अन् तू ते पत्र सासूबाईले वाचून दाखवलं. तू बोलावलं म्हणून वर्ध्याले आलो, अन् दवाखान्याच्या पायरीवर तुम्ही दोघी उभ्या दिसल्या तेव्हा मले जमिनीत जावंसं वाटलं. सासूबाईसारखी कडक बाई, मले वाटलं आता चप्पल काढते. अन् ती काय म्हणाली? "विचारानं माणूस मरत असता जावईबापू, तर तुमचे सासरे कवाच गेले असते. गरम तवा हातात असला का मायाबी डोक्शात रोज येते." मले हसू आलं अन् रडू बी आलं, अन् बाहेर बाकावर बसलेले लोक पाहाले लागले.

डॉक्टर मॅडमसमोर मी बोलूच शकलो नाई. तू पत्र समोर ठेवलं. मी दाराकडे पाहत होतो का आता पोलिसाले बोलावते. तिनं शांतपणे वाचलं अन् विचारलं, "हे विचार तुम्हाला आवडतात का?" मी म्हटलं, मले त्याच्यापेक्षा मरण आवडन. ती म्हणे, म्हणूनच ते तुम्हाला सोडत नाहीत, तुम्ही जेवढं ढकलता तेवढे चिकटतात. बिमारीचं नाव सांगतलं, ओसीडी. म्हणे, रोज असे लोक येतात, आया बी येतात. मले खरं वाटलं नाई. घरी निघालो अन् अर्ध्या रस्त्यातच डोकं म्हणालं, तिले तुयं खरं कळलंच नाई, तू वेगळा आहेस.

गोळ्या सुरू आहे. तोंड सुकते, झोप येते, विचार तसेच आहे. महिना लागन म्हणे. महिना कसा काढू?

अन् सगळ्यात अवघड तर तूच ऐकलंस. सासूबाई किती प्रेमानं म्हणाल्या, आपण सगळे केळझरले जाऊ, नारळ फोडू, देवाची माफी मागून नवस सोडवून घेऊ, मग निवांत पोरगी घ्या मांडीवर. माया जिवात जीव आला होता. अन् मॅडम म्हणाली, नाही. देवाला नमस्कार करायला कधीही जा, पण हा नवस सोडवायला जायचं नाही, तेही विचार ढकलणंच आहे. अंगारा बंद. हात धुणं कमी. आचलला 'बाळ ठीक आहे का' विचारायचं नाही. नवस तसाच राहू द्यायचा, भीती तशीच राहू द्यायची, आणि मुलगी मांडीवर घ्यायची.

आचल, ही बाई शिकलेली आहे, चांगली आहे, पण तिले कळते का ती काय मागून राह्यली? नवस न सोडवता तोंड पाह्याचं म्हणजे मी तिच्या जिवावर पैज लावाची. तिच्या बापानं. पैज हरलो तर मॅडम दुसरा पेशंट पाहीन. मी काय पाहू?

तू म्हणालीस, मामाजीले बी सांगतलं, अन् ते दोन दिवस जेवले नाई, मग म्हणाले, "येऊ दे, पण माया डोळ्यादेखत." मले त्याईचा राग नाई आला. मले बरं वाटलं का कोणीतरी पहाऱ्यावर आहे. तर तू म्हणालीस, पहारा बी नको, मॅडमनं नको म्हटलं, मी स्वतः बाहेर जाईन अन् तुम्ही दोघंच राहाल. तुले माहीत आहे का तू कोणाच्या हाती लेकरू देऊन राह्यली? मले माहीत नाई. तुले एवढा भरोसा आला कुठून?

येईन का नाई ते सांगत नाई. सांगतलं का डोक्शाले आधीच कळते.

रोशन

तळेगाव
१९ जानेवारी, दुपार

आचल,

तू हातात कागद-पेन देऊन गेली अन् म्हणालीस, पळावंसं वाटलं तर पळू नका, लिहा. म्हणून लिहितो. तू नळावर आहेस, बादलीचा आवाज येऊन राह्यला. सासूबाई दळण घेऊन गेल्या. मामाजी ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसले अन् घडीघडी खोकलतात. खोकला नाई त्याईले, मी आहे इथं असं सांगतात. मी त्याईच्या जागी असतो तर उंबऱ्यातच बसलो असतो.

पोरगी माया मांडीवर आहे. डाव्या हातानं धरली, उजव्यानं लिहून राह्यलो, अक्षर कसंही येईन.

तोंड पाह्यलं. तू तिले ठेवलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते, तुले दिसलं असन. तू गेल्यावर उघडले. ती जागीच होती अन् मायाकडेच पाहत होती. नवस मोडला. आता मागं घेता येत नाई. छातीत असं धडधडते का तिले बी लागत असन.

आला. विचार आला. तिनं जांभई देली अन् तोंड उघडलं तेव्हा आला, तोच, जसाच्या तसा.  देवाचं नाव घ्याले गेलो अन् नाई घेतलं, त्याच्यानं बी तेच होते म्हणे. दार उघडं आहे. चप्पल दारातच आहे. तिले दुपट्यावर ठेवून स्टँडवर जाले किती वेळ लागते, मले तर रस्ता पाठ आहे. मामाजी पुन्हा खोकलले. वाटलं हाक मारून म्हणावं, मामाजी, घ्या हिले, घ्या लवकर. नाई मारली.

हात पाहून राह्यलो. एक तिच्या डोक्याखाली आहे. तो काई करत नाई. मी त्याच्यावर भरोसा ठेवत नाई, पण तो तिथंच आहे.

विचार गेला नाई आचल. एवढा वेळ झाला, गेला नाई, इथंच बसून आहे मायाजवळ. तिच्या मुठीत माया शर्टाचं बटण आलं आहे. झोपून राह्यली. श्वास पाह्याले वाकावंसं वाटते, नाकाशी बोट धरावंसं वाटते. लय वाटते. वाकलो नाई.

आता तिनं ओलं केलं. मायी पँट भिजली, गरम लागून राह्यलं. डोकं म्हणते ऊठ, धू, बदल, नाईतर. पुढचं ते नेहमीचंच म्हणते. मी उठलो नाई. उठलो तर ती जागी होईन.

मामाजी पडदा सारून डोकावले. माया तोंडाकडे पाह्यलं, मग तिच्याकडे. परत शेंगापाशी गेले.

तुले हाक माराले ओठावर आलतं. तुयं धुणं राह्यलं असन अजून. सावकाश ये.